पाना न्या, चप्पल ठेवा

दाजी, तुमच्या तेराव्यानंतरचा चौथा दिवस, मंगळवार, सकाळचे साडेदहा. रक्कम चार हजार दोनशे रुपये. हजर तिघं: अक्का, भंगारवाले यासीनभाई आणि मी. रक्कम अशी आली: तुमच्या गाळ्यातलं सगळं लोखंड, बाकावरच्या, काम आवळून धरायच्या वाईससकट, एकशे चाळीस किलो. भाव किलोला तीस. वजन यासीनभाईंनी आधी नुसत्या नजरेनं सांगितलं होतं. मी मनातल्या मनात काट्याच्या आकड्यांची बेरीज करून पाहिली, त्यांची नजर फार चुकलेली नव्हती.

काटा लावून झाला होता. नोटा यासीनभाईंच्या हातात मोजून तयार होत्या. अक्कानं अजून हात पुढे केलेला नव्हता. तेवढ्यात मी म्हणालो, "थांबा जरा."

अक्का माझ्याकडे न बघताच म्हणाली, "काहून आडवा येऊन राहिला दिगू? महिनाअखेरी गाळा रिकामा करून द्यायचा हाय. हे पाने, ह्या पकडी मी काय उशाखाली घेऊन झोपू?"

मी काट्यातला एक पाना उचलला. "हा चौदा-पंधराचा. वजन एकशे दहा ग्रॅम. या भावानं तीन रुपये तीस पैसे झाले. हिंगोलीत नवा घ्यायला गेलं तर एकशे दहा पडतात."

"मग तू घे एकशे दहाला."

मी पाना परत काट्यात ठेवला. माझ्याकडे चौदा-पंधराचा होता. तुम्हीच घ्यायला लावलेला.

त्याच्या तीन आठवडे आधी मला कोणी सांगितलं असतं की दाजींच्या पान्यांवरून मी माझ्या थोरल्या बहिणीशी भंगारवाल्यासमोर वाद घालीन, तर मी हसलो असतो. पान्यांवरून वाद घालायचा तर तो तुमच्याशी. सोळा वर्षं घातला. मी हिंगोलीत लिपिक, तुम्ही कनेरगाव नाक्यावर गाड्या, मोटारी, फवारणीचे पंप दुरुस्त करणारे. मी इथं घर बांधलं ते अक्का जवळ राहावी म्हणून, पण संध्याकाळी बस उतरून पाय वळायचे ते तुमच्या गाळ्याकडे.

त्या दिवशी गाळ्याच्या मागच्या भिंतीकडे मी पाहिलं आणि मला पुढचं बोलता आलं. भिंतीवर तुमचे खिळे. प्रत्येक खिळ्याखाली लाल रंगानं काढलेली त्या-त्या हत्याराची आकृती, म्हणजे कोणतं कुठलं ते आंधळ्यालाही कळावं. पाने काढून काट्यात टाकलेले, म्हणून आकृत्या उघड्या पडलेल्या. फक्त सात खिळ्यांवर अजून काहीतरी लटकत होतं. सात चपला. सगळ्या एकेकट्या.

"अक्का, सात हत्यारं बाहेर आहेत," मी म्हणालो. "मोजणी पुरी झाल्याशिवाय माल विकत नाहीत."

यासीनभाई खाकरले. "दिगंबरभाऊ, उसमें एक चप्पल मेरी है. गाडे का चाक निकालने को पुलर ले गया था. दाजी गए, तो लाने को शरम आई." मग ते म्हणाले, "तौलना मेरा काम है. रोकना तुमारा."

*

नव्या माणसाला तुमचा नियम सांगावा लागत असे, म्हणून इथं सांगून ठेवतो. गावातल्या कोणालाही कोणतंही हत्यार न्यायला मोकळीक. भाडं नाही, वहीत नाव नाही. फक्त पायातली एक चप्पल त्या खिळ्यावर अडकवायची आणि एका पायानं घरी जायचं. तुम्ही म्हणायचात, "नाव लिहिलं की माणूस विसरतो. चप्पल ठेवली की पाय विसरत न्हाई."

मी कैकदा म्हणालो, दाजी, एक वही घाला, मी आखून देतो. तारीख, नाव, हत्यार, परत. तुम्ही हसायचात. "मेव्हणे, तुमच्या वहीला काटे टोचत न्हाईत."

आपली खरी जुंपली ती माझ्या पेटीवरून. तुम्हाला आठवत असेल. मी मोबाईलवर बघून ब्याऐंशी नगांची पेटी मागवली. किंमत एक हजार सातशे नव्व्याण्णव. घरी न नेता थेट तुमच्या बाकावर आणून उघडली, कारण मला तुमचं तोंड बघायचं होतं. पेटी उघडली की आत सगळं चकाकत होतं. प्रत्येक नगाला आपापला खड्डा.

"नगाला एकवीस रुपये चौऱ्याण्णव पैसे पडले," मी म्हणालो. "दाखवा असा भाव हिंगोलीत."

तुम्ही हात पुसून नटावर बसवायची एक गोटी उचललीत, बोटावर फिरवलीत, परत तिच्या खड्ड्यात ठेवलीत. "पेटी चांगली हाय," तुम्ही म्हणालात. "शेंगदाणे ठेवायला बराबर कामाची."

मी चिडलो. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी आता माझ्या पुतण्या-भाच्यांना सांगतो. "मेव्हणे, तुमी नगाचा भाव काढला. कामाचा काढा. घरी जा, घरातले नट मोजा. सगळे. मग या."

हे मला सांगायला नको होतं, किंवा मलाच सांगायला हवं होतं. पुढच्या रविवारी मी वही घेऊन घरभर फिरलो. मोटरसायकल, पाण्याची मोटर, कूलर, सायकल, शिलाई मशीन, फवारणीचा पंप, लोखंडी पलंग. बायको म्हणाली, "नट मोजून राहिले का घराची वाटणी करून राहिले?" एकूण दोनशे अकरा भरले. दहा नंबरचे चौऱ्याऐंशी. तेराचे एकेचाळीस. बाराचे अठ्ठावीस, सतराचे एकोणीस, चौदाचे सोळा, आठचे चौदा, एकोणीसचे सहा. तीन नट कोणत्याच मापात बसले नाहीत.

वही तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही ती उलटीसुलटी करून वाचलीत आणि पहिल्यांदाच माझ्या वहीला नावं ठेवली नाहीत. "बघा," तुम्ही म्हणालात, "घरातलं चाळीस टक्के काम एकटा दहा नंबर करतो. सहा दुतोंडी पाने घेतले की दोनशे आठ नट मिटले. आता तुमच्या पेटीत यातलं काय काय हाय ते सांगा."

मी मोजलं. ब्याऐंशीपैकी चाळीस तर पेचकसाची नखाएवढी टोकं होती. माझ्या घरच्या नटांना उपयोगी पडतील असे नग निघाले नऊ.

मग आपण हिंगोलीला गेलो, आठवडी बाजाराचा दिवस टाळून, कारण गर्दीत दुकानदार पाना नीट बघू देत नाही असं तुमचं म्हणणं. तुमच्या शर्टाच्या खिशात दोन कोरे नट होते, एक दहाचा, एक तेराचा. दुकानदार एकेक पाना काढून द्यायचा, तुम्ही त्यात नट घालून हलवून बघायचात. सरळ आत जायला हवा आणि गेल्यावर डुलायला नको. डुलला की बाजूला. मग पाना एका बोटावर टांगून दुसऱ्या पान्यानं हलकेच वाजवायचात. खणखणीत आवाज आला तर ठेवायचा, बद्द आला तर परत. पक्कड मिटून उजेडाकडे धरलीत. टोकांमधून उजेड दिसला तशा तीन पकडी परत केल्यात, चौथी घेतलीत.

दुकानदार कंटाळला. "दाजी, पाना घेऊन राहिले का बैल?"

"बैलाचे दात बघतेत, मी याचं तोंड बघायलो," तुम्ही म्हणालात. "बैल थकला तर बसतो तरी. हे फाकलं तर माणसाचा हात फोडतंय."

ते वाक्य मी तेव्हा वहीत लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

सहा पाने सहाशे दहा रुपये. पक्कड दोनशे तीस. टोक काढून उलटं घालता येतं असा पेचकस नव्वद. अर्ध्या किलोची हातोडी दोनशे दहा, तीही दांडा डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघून. एकूण नऊ नग, अकराशे चाळीस रुपये. परत येताना बसमध्ये मी म्हणालो, "दाजी, नगाला एकशे सव्वीस रुपये पडले. पेटीच्या पावणेसहा पट."

"नटाला किती पडले?"

मी हिशोब केला. नटामागे साडेपाच रुपये. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "आता बोला." बाहेर सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं होती. माझ्या पेटीतलं, गोट्या फिरवायचं रॅचेट त्यानंतर तिसऱ्या महिन्यात मोटरसायकलच्या मागच्या चाकावर दात टाकून बसलं. ते मी तुम्हाला सांगितलं नाही. बायकोनं सांगितलं.

उरलेल्या तीन नटांचं काय, असं मी त्याच दिवशी विचारलं होतं. आमच्या आडावरची वडलांच्या वेळची मोटर, तिच्या पायाचे ते नट इंची मापाचे. तुम्ही म्हणालात, "तीन नटांसाठी इंची पाने घेऊ नका. वर्षातून एकदा लागतेत. माझ्याकडं हायेत. चप्पल ठेवा, घेऊन जा."

आपला न संपलेला वाद तो हाच. तुमचं म्हणणं, आठवड्याला लागेल ते घरात असावं, वर्षाला लागेल ते गावात. माझं म्हणणं, ज्याच्या घरी काम त्याच्या घरी हत्यार, दुसऱ्याच्या खिळ्यावर भरवसा कशाला. शेवटचा वाद तुम्ही जायच्या आठ दिवस आधीचा. मी म्हणालो, "आणि एखाद्या दिवशी तुम्ही नसलात तर?" मला बाजाराचा दिवस म्हणायचा होता, दाजी. एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही चाकाखालून म्हणालात, "मी नसलो तरी खिळा हाय ना." तेवढ्यात कोणीतरी पंक्चर घेऊन आलं आणि वाद तिथंच राहिला.

*

तर त्या मंगळवारी. अक्का म्हणाली, "सात हत्यारांसाठी मी महिना काढू का? ते होते तवा पान्यांला किंमत होती. आता इथं कोणाला कोणता पाना वळखू येतो?" आवाज चढलेला नव्हता. हिशोब सांगावा तसं ती सांगत होती. मला तरी कुठं ओळखू येत होते? माझ्या वहीत नसलेला नट मी आजही पट्टी लावून बघतो.

तेव्हा रस्ता ओलांडून एक शेतकरी आला. हरभऱ्याला पाणी द्यायला तुषार सिंचनाचे पाईप जोडत होता, मधेच पंपाचा एक नट ढिला झालेला. त्यानं काटा पाहिला, नोटा पाहिल्या, आणि तो दारातच अडखळला. मग त्यानं तळहात पुढे केला. तळहातावर एक गंजका नट.

मी खिशातली पट्टी काढत होतो. अक्का काट्याशी वाकली, त्या ढिगात हात घातला, आकडा न बघता एक पाना काढला आणि त्याच्या हातात दिला. "तेरा हाय. बारानं करशील तर बसायचा न्हाई." आणि लगेच, श्वास घेतला तसं, तिच्या तोंडून गेलं, "चप्पल ठेव."

त्यानं चप्पल काढली, बारा-तेराच्या खिळ्याला अडकवली आणि एका पायानं रस्ता ओलांडून गेला.

आम्ही तिघंही त्या चपलेकडे बघत राहिलो. सव्वीस वर्षं तुम्ही गाडीखालून हात बाहेर काढायचात आणि अक्का त्यात पाना ठेवायची. तुम्ही आकडा सांगायचात असं मला वाटायचं. आता आठवून बघतो तर तुम्ही कधीच आकडा सांगत नव्हता. नुसता हात काढायचात.

अक्का पदरानं हात पुसत बसली. पुसतापुसताच म्हणाली, "माझ्याच तोंडून निघालं रे." मग यासीनभाईंनी नोटा घडी करून खिशात घातल्या आणि ते काट्यातलं एकेक हत्यार खाली काढून ठेवायला लागले. "आठ हो गए," ते म्हणाले. "आठ चप्पल का माल कौन तौलेगा."

गाळा सोडायचा होता तो सोडायचाच होता. पण आता भंगारात न जाता सगळं जाणार होतं ते अक्काच्या घरातल्या समोरच्या खोलीत. तिथं रस्त्याकडे दार आहे. त्या दुपारी मी अक्काला म्हणालो, मी रविवारी भिंतीला लाकडी फळी ठोकून देतो, खिळे जसेच्या तसे, आकृत्या जशाच्या तशा. ती म्हणाली, "बाहेरचे सातही आणायचे. अर्धी भिंत घेऊन मी बसायची न्हाई." मी म्हणालो, आणतो. तुम्हाला माहीत आहे, मी एकदा यादी केली की ती पुरी करतो.

यासीनभाईंचा पुलर संध्याकाळीच आला. शेजारच्या ढाब्याचा आचारी पाईप पाना घेऊन आला आणि आपली तेलकट चप्पल उलटी करून बघत म्हणाला, "हिला दाजींनी खिळा मारून दिलेला दिसतोय, अंगठा तुटला होता." तुम्ही दुसऱ्याच्या ठेवलेल्या चपला दुरुस्त करून ठेवायचात, हे मला सोळा वर्षांत ठाऊक नव्हतं. आणखी तिघं दोन दिवसांत येऊन गेले.

सांभा धनगराची वहाण सहावी. जड, कातडी, टाचेला लोखंड. तो मेंढरं घेऊन सेनगावकडे उतरलेला. मी जीपवाल्याजवळ निरोप धाडला. चौथ्या दिवशी तो तुमची तार तोडायची पक्कड घेऊन जीपमधून उतरला. पायात दोन वेगवेगळ्या वहाणा. पक्कड त्यानं तेल लावून फडक्यात गुंडाळून आणली होती. आमच्याशी बोलण्याआधी त्यानं वाईसवर तळहात ठेवला, मेंढराच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग खिळ्यावरची वहाण काढून पायात घातली. ती वाळून आखडली होती, जाईना. त्यानं ठोकून ठोकून घातली. "चावतीया," तो म्हणाला. "चावू दे. दाजीकडं व्हती."

सातवी चप्पल अजून लटकते आहे. लहान मापाची, बाईची, निळ्या पट्ट्याची. खिळा दहा-अकराच्या पान्याचा, म्हणजे गावात सगळ्यात जास्त लागणारा. कोण घेऊन गेली ते कळलं नाही. मी विचारायचं थांबवलेलं नाही.

*

आता जे सांगायचं म्हणून हे लिहायला बसलो ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आडावरची मोटर उचलायची होती. ते तीन इंची नट. मी तुमचा अर्धा इंची रिंग पाना नेला, डावी चप्पल ठेवली. तुम्ही बजावलं होतं, "नट गंजला आसंल. डिझेल सोडा, रातभर राहू द्या. जोर करू नका." मला सकाळी कामावर जायचं होतं. दोन नट निघाले. तिसरा हलेना. मी दोन फुटी पाईप आणला, पान्याच्या दांड्यावर चढवला आणि अंगाचा भार टाकला. टक असा आवाज झाला. नट निघाला. पान्याच्या रिंगला केसाएवढी चीर गेली होती.

दाजी, मी आयुष्यात कोणाचे पाच रुपये बुडवले नाहीत. कामावर दोन रुपये जास्त आले तर मी ते परत जमा करून येतो. पण त्या दिवशी मी पान्याची रिंग फडक्यानं पुसली, चिरेवर बोटानं ग्रीस लावलं आणि पाना तुमच्या खिळ्यावर टांगला. चप्पल पायात घातली. तुम्ही गाडीखाली होता. "झालं का काम?" तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, "झालं."

बारा दिवसांनी तुमच्या उजव्या हाताला पट्टी होती. दोन पेरं फुटलेली. कोणी विचारलं की तुम्ही सांगायचात, "हात सटकला." महिनाभर तुमची मूठ मिटत नव्हती. कप डाव्या हातानं धरायचात. मी रोज संध्याकाळी समोर बसून चहा प्यायलो आणि पट्टीकडे बघितलं. पाना फाकला तर माणसाचा हात फोडतो, हे तुम्ही मला हिंगोलीच्या दुकानात सांगितलं होतं. त्या खिळ्यावर नवा पाना आला तोही मी पाहिला. मी विचारलं नाही कुठून आणला. तुम्ही सांगितलं नाहीत.

रविवारी बाक हलवताना खालचा खण निघाला. त्यात एक तेलकट फडकं. फडक्यात तो पाना, रिंग उघडून पडलेली. पान्याभोवती दुकानाचं बिल गुंडाळलेलं. रिंग पाना, अर्धा इंची, एक नग, एकशे साठ रुपये. बाकी काही नव्हतं. चिठ्ठी नाही, नाव नाही. तुम्ही कधीच बिलं ठेवत नव्हता, दाजी. त्यावरून मी तुम्हाला किती बोललो असेन.

मी तो खण तसाच मांडीवर घेऊन बसलो. बाहेर यासीनभाई हातगाडीवर वाईस बांधत होते. अक्का आली, खणाकडे पाहिलं आणि माझ्यासमोर टेकली. मग मीच बोललो. पाईप, चीर, ग्रीस, सगळं. क्रमानं, काही न वगळता. बोलून झाल्यावर मला वाटलं ती आता रागावेल. तिनं रागवावं असं वाटत होतं.

"त्यांला ठाऊक होतं," अक्का म्हणाली. "हात फुटून घरी आले, मी हळद लावून राहिले, तवाच म्हणले. म्हणले, दिगूनं जन्मात कशाला ग्रीस लावलं न्हाई, त्या दिवशी लावलं."

"मग मला बोलले काहून नाहीत?"

"मी म्हणलं ना त्यांला. म्हणलं, मी विचारते त्याला. तर म्हणले, न्हाई. हिशोबाचा माणूस हाय, येईल सांगायला. बिल ठेवतो म्हणले, त्याला बिल लागंल."

दोन वर्षं, दाजी. म्हणजे सातशेहून जास्त संध्याकाळी तुम्ही माझ्यासाठी कप भरून ठेवलात आणि वाट पाहिलीत. मी रोज यायचो आणि सोयाबीनचे भाव सांगायचो. आता हे कितीही स्पष्ट लिहिलं तरी उशीर तो उशीर. मी तो कमी करून दाखवणार नाही. तुमचे आभार मानायचे तर याच एका गोष्टीचे मानतो: तुम्ही मला चोर समजला नाहीत, उशीर करणारा समजलात.

त्याच संध्याकाळी मी घरून ती ब्याऐंशी नगांची पेटी आणली आणि यासीनभाईंना म्हणालो, हे तोला. प्लास्टिक बाजूला काढून चार किलो भरलं. तीस रुपयांनी एकशे वीस. त्यात खिशातले चाळीस घातले आणि एकशे साठ रुपये अक्काच्या हातावर ठेवले. तिनं नको म्हटलं नाही. मोजले, बिलाशी ताडून पाहिले, बिल घडी करून मला दिलं. "हे तुझं," ती म्हणाली.

फुटका पाना मी मागितला. फळीच्या अगदी वरच्या कोपऱ्यात तो टांगला आहे, चिरेची बाजू बाहेर करून. कोणी पाईप चढवायची गोष्ट काढली की अक्का त्याच्याकडे बोट दाखवते. कोणी केलं ते सांगत नाही. विचारलं तर मी सांगतो.

दहा-अकराचा खिळा रिकामा राहू नये म्हणून माझा पाना मी तिथं नेऊन लावला. सत्तर रुपयांचा, तुम्ही बोटावर टांगून वाजवून घेतलेला. लाल आकृतीत तो बरोबर बसला. आपल्या वादात हा तुमचा एक गुण धरायला हरकत नाही. एकच म्हणतोय. बाकीचे पाच पाने अजून माझ्याच घरात आहेत आणि माझं म्हणणं मी सोडलेलं नाही.

काल आमच्या मोटरीच्या पंख्याचं झाकण खडखडायला लागलं. दहा नंबर. मी अक्काकडे गेलो. ती दारात तूर निवडत बसली होती. मी आत जाऊन पाना काढला आणि निघालो.

"चप्पल ठेव," ती सुपातून मान वर न करता म्हणाली.

"अक्का, पाना माझाच हाय."

"खिळा माझा हाय."

मी डाव्या पायातली चप्पल काढली आणि त्या निळ्या पट्ट्याच्या चपलेशेजारी अडकवली. नाका ओलांडताना ढाब्यावरचे हसले. कोणीतरी ओरडलं, "साहेब, लंगडी घालून राहिले का?" खडी टोचत होती. झाकण बसवून तासाभरात पाना परत केला, पण माझी चप्पल अक्कानं लगेच दिली नाही. पट्टा सुटत आलाय, टाके घालते, उद्या ने, असं म्हणाली.

तर दाजी, शेवटी दिलं ते एवढं: रोख एकशे साठ रुपये आणि डाव्या पायातली चप्पल. दोन्ही अक्काला.